कोमट पाणी

“‘तुमच्यातल्या अधिकारी माणसांचं ऐका’ असं कुराण सांगतं. म्हणजे राज्यकर्त्यांचं, विद्वानांचं!” मुलीची सोयरीक ठरवायला आलेले मुकीत सर होणाऱ्या व्याह्यांशी तावातावाने वाद घालत होते.

“आम्ही शिया. आमच्या लेखी ती माणसं म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातले इमाम,” व्याही बाकरअली शांतपणे म्हणाले.

सरांनी दाखल्यांवर दाखले दिले, वर हसलेही. भरल्या बैठकीत बाकरअली गप्प झाले. आपण जिंकलो, असं सरांना वाटलं.

नमाजाआधी सर वजू करायला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला, मोरीत गेले, तर बाकरअली कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आले. “आम्ही पायांवर नुसता ओला हात फिरवतो. तुम्हा सुन्नींना पाय धुवावे लागतात, आणि थंडी फार आहे.” वाकून ते पाणी ओतू लागले.

सरांनी पाय आखडले. “मघाशी तुम्ही गप्प का झालात?”

“उत्तर होतं. पण घरी आलेल्या माणसाला चारचौघांत कसं खाली पाहायला लावू?”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तांब्या मागितला, पण बाकरअलींनी दिला नाही. शेवटी वर न बघताच सरांनी पाय पुढे केले.