मोले कोणाच्या हातचं?

ऐन दुपारीच ब्रिसेदाने खानावळीची चूल विझवली आणि शेवटचं गिऱ्हाईक जेवत असतानाच बाकं उचलायला घेतली.

“अगं, घास तरी गिळू दे!” तो ओरडला.

“उद्या गिळा. आज आमचा मोलेचा काळा रस्सा भिंतीवर लागणार आहे!”

मेक्सिकोतल्या ओआहाकाचा अख्खा बाजार उतावीळ झाला होता. चित्रकार मास्तर लेओकादियोंकडचं नवं चित्र चार वाजता जुन्या मठातल्या दालनात उघडणार होतं. आपल्या मुलखाच्या जेवणाचं चित्र! आत काय काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं. त्यामुळे जो तो आपलाच माल त्यात आहे म्हणून सांगत सुटला होता.

“वेटोळ्याचं चीज असेल तर ते माझंच,” चीजवाली एपिफानिया म्हणाली. तिने नवे झुमके घातले होते. “पण मोले मात्र तुझ्या मावशीचं. त्याशिवाय का मास्तर तिच्यावर एवढे भुललेत?”

“तोंड सांभाळ हं!” ब्रिसेदा म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं.

तीन महिन्यांपूर्वी मास्तर जेवायला आले होते. दाराशी फळ्यावर ओतिलियामावशीने खडूने त्या दिवशीची टर्की काढली होती. मास्तर तिथेच रेंगाळले, मग जेवले, मग सरळ चुलीपाशी आले.

“बाई, उद्यापासून सकाळी माझ्या घरी याल?”

मावशीने एप्रनला हात पुसले. “गिऱ्हाइकांचं काय?”

“मी बघते,” ब्रिसेदा म्हणाली होती.

तेव्हापासून मावशी रोज मिरच्या, कोको, तीळ, केळीची पानं टोपलीत भरून जायची आणि अंधारून आल्यावर परतायची. मास्तरांच्या खिडकीतून भाजल्या मिरचीचा ठसका गल्लीभर सुटायचा. इकडे ब्रिसेदाच्या हातचं मोले चाखून जुनी गिऱ्हाइकं नाक मुरडत होती. दोन तर समोरच्या खानावळीत जाऊन बसू लागली.

“काय म्हणतात मास्तर?” ती रोज विचारायची.

“काळा अजून मनासारखा येत नाही,” मावशी म्हणायची. तिचे डोळे मात्र लहान पोरीसारखे चमकत असायचे. “आज पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

“तू मरमर मर. उद्या नाव होईल मास्तरांचं. मोले कोणाचं, ते कुत्रंसुद्धा विचारणार नाही.”

“नीट उतरलं म्हणजे झालं गं. नावाचं काय एवढं?”

ब्रिसेदाला ते पटलं नाही. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आज सगळ्यांसमोर मावशीचं नाव घ्यायला लावायचंच.

दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावशी मागच्या रांगेत शाल डोक्यावरून ओढून बसली होती. ब्रिसेदाने तिचे हात घट्ट धरले.

पडदा सरकला.

मातीच्या वाडग्यात मोले, काळंभोर, वर तेलाची एक तांबूस रेघ, त्यात बुडालेली टर्कीची तंगडी. केळीच्या पानातून अर्धा बाहेर डोकावणारा मक्याच्या पिठाचा तमाल. भाजलेले टोळ, त्यांवर पिळलेलं लिंबू. कोकोचा फेस तर आत्ता खाली बसेल असा. मागे कुणीतरी मोठ्याने आवंढा गिळला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

“चीज माझंच!” एपिफानिया रडत रडत ओरडली.

दालनाच्या प्रमुखांनी माईक मास्तरांकडे दिला. “मास्तर, चार शब्द बोला.”

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “मंडळी, मला एक गोष्ट सांगायची आहे...”

ब्रिसेदाला धीर धरवला नाही. ती खुर्चीवर चढली.

“आधी हे सांगा मास्तर! ते मोले कोणाच्या हातचं?”

सगळ्या माना वळल्या. मावशीने तिचा झगा खेचला. “उतर खाली! लाज आणशील!”

“नाही उतरत. आज कळू दे सगळ्यांना. सांगा, कोणाच्या हातचं?”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

“माझ्या हातचं गं पोरी,” ते म्हणाले. “मी रांधलेली चार मडकी ओतून टाकायला लावली तुझ्या मावशीने. मोलेला खरा काळा रंग येत नाही, तोवर ब्रशला हात लावणार नाही म्हणाली.”