चोवीस फेऱ्या

परदेशात, मिल्टन गावातल्या रविकांतच्या घरात बेसमेंटला तेरा पायऱ्या. लेण्याद्रीला तीनशेच्या वर, म्हणजे चोवीस फेऱ्या. गुडघे गेल्यापासून आईला गुहेतल्या गणपतीचं दर्शन घडलं नव्हतं, आणि डोलीचं नाव काढलं की ती म्हणायची, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं." मुलाच्या पाठीवर बसायला मात्र ती नाही म्हणणार नाही, असं रविकांतने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला आधी सांगायचं नव्हतं.

जानेवारीपासून तो सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून चढ-उतर करत होता. एका जागी बसवतच नव्हतं त्याला. आईला फोनसुद्धा तो पायऱ्या चढता चढताच करायचा.

"धाप का लागलीये रे?"

"काही नाही गं. दारातलं बर्फ उपसून आलोय."

मे महिन्यात, बर्फ वितळून गेल्यावरही त्याने हेच सांगितलं. बायको शेजारी हसली. पलीकडून आईने जेवण नीट जातंय का, ते विचारलं.

जूनमध्ये पिशव्या दोन झाल्या, जवळजवळ आईच्या वजनाइतक्या. डिसेंबरची तिकिटं काढली आणि त्याला राहवेना. विसाव्या फेरीतच त्याने फोन लावला.

"आई, डिसेंबरमध्ये येतोय. आपण लेण्याद्रीला जायचं."

"मी परवाच जाऊन आले."

तो पायरीवरच थांबला. "चढलीस कशी?"

"बसत बसत, एकेक पायरी. चार तास लागले. तुझ्यासाठी नवस बोलून आले." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आता तरी खरं सांग, डॉक्टर काय म्हणतात?"