शिवणीतली फट

करड्या लोकरीची लडी. खडूचा तुकडा. दाराच्या कडीला लटकलेली एकच चावी. सूचनाफलकावरचा कागद: पुढच्या वर्षासाठी स्टुडिओ एकालाच मिळेल. बोटाएवढी रुंद फट.

फट समोरच्या भिंतीवर होती आणि कनिशाय तिच्याकडे बघायचं टाळत उभी होती. आज एम.ए.चं शेवटचं परीक्षण होतं आणि स्टुडिओ कुणाला, ते त्यावरच ठरणार होतं. खोली गेली तर काम गेलं. वसतिगृहात लोकरीचा जाड नमदा पसरायला जागा नव्हती. भिंतीवर तिचा शिरदाक, नक्षीचा किर्गिझ गालिचा, टांगला होता, दोन मीटरचा, करडा आणि पांढरा. शिरदाकाचे दोन नमदे एकावर एक ठेवतात आणि दोन्ही थर एकाच सुरीने एकदम कापतात. मग करड्यातून निघालेलं नक्षीतलं मेंढ्याचं शिंग पांढऱ्यातल्या भोकात तंतोतंत बसतं. हिची शिंगं बसली नव्हती. एका बाजूला नमदा चुरमडला होता, दुसऱ्या बाजूने मागची भिंत दिसत होती.

सकाळी शेजारच्या स्टुडिओतला एर्मेक डोकावून गेला होता. "आमच्या आजीच्या शिरदाकातून वारा तरी येत नव्हता गं," म्हणाला. कनिशाय हसली. तो थोडा वेळ दारातच रेंगाळला. ती सुईत दोरा ओवत राहिली. तो गेला.

अकरा वाजता विभागप्रमुख जुमादिल आगाय, म्हणजे जुमादिल सर, दोन परीक्षकांना घेऊन आले. त्यांनी फटीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. मग बराच वेळ बोलले. पाहुण्यांना विकायचे गुळगुळीत शिरदाक बघून डोळे विटले होते म्हणे. इथे पहिल्यांदाच कुणीतरी शिवण उघडी ठेवायचं धाडस केलं होतं. एकमेकांत न मावणारी दोन माणसं, हे आपलं आजचं बिश्केक, आणि असं बरंच. परीक्षक लिहून घेत होते.

मग आगाय तिच्याकडे वळले.

"ही फट मुद्दाम ठेवलीस ना?"

खाली अंगणात कुणीतरी वाळलेला रंग खरवडत होतं. कनिशायने कडीवरच्या चावीकडे पाहिलं.

"हो, आगाय."

"शाबास. ठेव ती चावी तुझ्याकडेच. आता वर्षभर तुझ्या कामाच्या मध्ये कुणी येणार नाही."

ते गेल्यावर कुलिपा एजे, इथल्या सगळ्यांची थोरली ताई, फरशी पुसायला आली. डोंगरातल्या आत-बाशी गावाची बाई, तिकडे मुलींच्या हातात चमच्याआधी सुई येते, असं ती स्वतःच सांगायची. बादली खाली ठेवून, न विचारताच तिने शिरदाकाचा कोपरा उलटा केला आणि मागची बाजू पाहिली. टाका चांगला आहे, म्हणाली. बारीक आहे, घट्ट आहे, कुणी शिकवला. कनिशायने सांगितलं, आपला आपणच. एजेने मान हलवली. मग ओला अंगठा फटीवरून वरून खालपर्यंत फिरवला.

"कापताना समोरून धरायला कुणी नव्हतं का गं, पोरी?"

कनिशायने चावी काढून खिशात टाकली. मग पुन्हा काढली आणि कडीला लटकवली. एजेने उत्तराची वाट पाहिली नाही. ती खाली बसली आणि फरशीवर फडका फिरवू लागली, कनिशायच्या पायांभोवतीची जागा तेवढी कोरडी ठेवून.

फेब्रुवारीत ज्या दुपारी कनिशायने नमदा कापला, त्या दुपारी शेजारच्या स्टुडिओत एर्मेक आणि आणखी तिघं चहा पीत बसले होते, आणि त्यांचं दार उघडं होतं.