बुक झालेले भोंगे

गडचांदूरजवळच्या एका गावात सरिता दुर्गे पहिल्यांदाच निवडणुकीला उभी राहिली, खाणीच्या धुळीविरुद्ध. समोर खाणमालकाचा भाऊ होता. प्रचाराला भोंग्याचा ऑटो हवा म्हणून ती नूरुद्दीनकडे गेली. त्याचे तिन्ही ऑटो अंगणात उभे होते.

"भाऊ, एक ऑटो पाहिजे होता मले."

"सगळे बुक हायेत बाई. मतदानापर्यंत."

"मंग इथी काऊन उभे हायेत?"

नूरुद्दीनने मान खाली घातली. "वाजवाले नाई घेतले त्यायनं. तुमाले भेटू नये म्हणून घेतले."

सरिता निघाली. संध्याकाळी ती आठवडी बाजारात भाजीवाल्यांमध्ये उभी राहिली आणि घसा ताणून बोलू लागली. चार पावलांपलीकडे काही ऐकू जाईना. लोक पिशव्या सावरत जवळ सरकले. पुढे नूरुद्दीनची बायको खैरुन उभी होती. तिने एकदा सरिताकडे पाहिलं, मग मागे वळून मोठ्याने सांगितलं, "बाई म्हणते, धुळीनं आपले लेकरं खोकून राह्यले."

तिच्या मागच्या बाईने ते आपल्या मागच्यांना सांगितलं. सरिता थांबली. वाक्य बाजाराच्या टोकाला पोचल्यावरच तिने पुढचं उच्चारलं.