नकाशातला लाल रंग

“सारं लाल होऊन राहिलं की तुमचं हिंगोली,” नकाशावर ओलं बोट फिरवत किशनराव म्हणाले. बोटाला गुटखा होता. संपदानं दात आवळले.

ती कॉलेजात भूगोल शिकवायची. जिल्हा झाल्यापासूनच्या चार वर्षांत गाव कसं पसरलं, ते उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवणारा हा नकाशा तिनं खपून तयार केला होता आणि आज नगरपालिकेच्या सभागृहात टांगला होता. अशा चित्रांत झाडी-पिकं लाल दिसतात आणि घरं निळसर करडी. भोवतीची शेतं लाल होती, पण गावात लाल आता थोडंच उरलं होतं. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे कयाधूकाठची आमराई. तिथं बागेचं आरक्षण पडावं म्हणून संपदा पालिकेचे उंबरे झिजवत होती. ठराव पुढच्या सभेत यायचा होता. तोवर मालकानं जमीन विकली नाही म्हणजे मिळवली.

किशनराव वाशीमचे. शेतं घ्यायची आणि प्लॉट पाडायचे, हा त्यांचा धंदा. चिंचा तोडून त्या जागेला चिंचबन नगर असं नाव द्यायलाही ते लाजत नसत. गाडीतून खाली उतरायचा त्यांना कंटाळा. डांबरी सडकेवरून दिसतं तेवढंच गाव, अशी त्यांची समजूत. असल्या माणसांच्या घशात गावं जातात, याची संपदाला शिसारी यायची.

“लाल म्हंजे घरं,” किशनराव सोबतच्या दलालाला समजावत होते. “नदीकडं पाह्य, मुंगीला जागा न्हाई. आपुन उशिरा आलो. काहून थांबायचं मंग? चल, बाळापूरकडं पाहू.”

दलालानं मान डोलावली. त्याला ठेवलंच होतं त्यासाठी. दोघं दाराकडे वळले.

एवढा अडाणीपणा आणि वर ही ऐट! संपदाला राहवलं नाही.

“अहो, नकाशा उलटा वाचलात तुम्ही,” ती ठसक्यात म्हणाली. “लाल म्हणजे झाडं. तिथं एकही घर नाही. खाली छापलंय सगळं, वाचता येत असेल तर वाचा.”

बोलून तिला फार बरं वाटलं. दलाल ओशाळला. किशनराव ओशाळले नाहीत. ते माघारी आले, चष्मा लावून त्यांनी खालचा मजकूर सावकाश वाचला आणि नदीकाठच्या लाल तुकड्यावर बोट टेकवलं.

“बरं झालं बाई, तुमी सांगितलं,” ते आदबीनं म्हणाले. “आमी तर वापस चाललो होतो.”