बाळंतिणीचे लाडू

"अय्या, बाळंतिणीचे लाडू!" मैथिलीच्या डब्यात अळिवाचे लाडू दिसताच खो-खोच्या पोरी खिदळल्या. मैथिली कानकोंडी झाली. मागच्या सामन्यात पळता पळता तिला भोवळ आली होती. तपासणीत रक्त कमी निघालं, म्हणून गोळ्यांच्या जोडीला आईने हे लाडू सुरू केले होते.

तिने घाईघाईने झाकण लावलं, तेवढ्यात कॅप्टन शेजारी येऊन बसली. "एक दे गं. मलाही हल्ली जिना चढताना अंधारी येते. घरी सांगितलं नाहीये."

"आजच सांग," म्हणत मैथिलीने डबा उघडला. मग कुणीच हसलं नाही. एकेक हात पुढे आला.

रविवारी वाण्याने आईला विचारलं, "वहिनी, एवढे अळीव? कुणाकडे पाळणा हलला?"

आईच्या आधी मैथिलीच मोठ्याने म्हणाली, "पाळणा कसला, काका! आमच्या अख्ख्या टीमला पळायचंय."