पाण्याखालचं गाव

बेळगावहून एकटीच शिकाऊ विमान घेऊन निघालेली पूर्णिमा जोयड्याच्या जंगलावर ढगांत सापडली. डोंगर दिसेनात, रेडिओवर नुसती खरखर. तेवढ्यात ढगांना फट पडली. खाली कौलारू घरं होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून एक बाई पदर हलवत मावळतीकडं हात करत होती. पूर्णिमानं तिकडंच विमान वळवलं आणि ती उजेडात बाहेर पडली.

उतरल्यावर तिनं वडलांना फोन केला. "बाबा, गणेशगुडीच्या वर कुठलं गाव हाय? तिथल्या बाईनं मला वाट दाखवली."

"तिथं गाव न्हाई, बाय. धरणाचं पाणी हाय. आमचं घर त्यातच गेलं."

"मग ती बाई?"

"पाणी चढलं तवा आमी सगळी उठून आलो. माझी आय तेवढी निघाली न्हाई."